दूरचं सरकार

"सरकार पडलं," सुंदराबाई म्हणाली.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. समोरचं आवार धुक्याने भरलं होतं. चिखलदऱ्यात भाद्रपदातलं धुकं दारात थांबत नाही. ते घरात येतं, खुर्च्यांखालून फिरतं, भांड्यांवर ओल ठेवून निघून जातं.

"कुठी पडलं?" मी विचारलं.

"त्यायच्या देशात. सायबानं रेडिओवर ऐकलं."

"लागलं का त्याले?"

सुंदराबाई त्या बंगल्यात स्वयंपाक करायची. कोरकू बाई, बोलायची कमी. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "त्याले नाई लागलं. आपल्याले लागन असं वाटते."

मी आत पाहिलं. मला दत्तक घेणारी मारित कणकेत हात घालून उभी होती, पण मळत नव्हती. तिचा नवरा योनास, सुंदराबाईचा सायब, रेडिओवर वाकून बसला होता. रेडिओतून खरखर येत होती आणि त्या खरखरीच्या मागे कुणीतरी शांतपणे बोलत होतं. योनासने रेडिओ बंद केला तरी दोघं तसेच राहिले.

माझ्या डोळ्यांसमोर एक जाडजूड माणूस आला. मोठ्या खुर्चीवर बसलेला, डोक्याला फेटा. तो खुर्चीवरून घसरून बर्फात पडला होता आणि त्याला कुणी हात देत नव्हतं. संध्याकाळी सुंदराबाईने तुळशीपाशी दिवा लावला, तेव्हा मी त्याच्यासाठीही हात जोडले.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. नक्की वय कुणालाच माहीत नव्हतं. परतवाड्याच्या बालगृहात मी वाढले. तिथल्या अधीक्षिका खरबडेबाई, आणि ज्या मुली नावाशिवाय येत त्यांना त्या नद्यांची नावं देत. पूर्णा होती, वर्धा होती, दोन चंद्रभागा होत्या. माझ्या वाट्याला मेळघाटातली नदी आली, सिपना. बाहेरची माणसं ते नाव सुधारून सपना म्हणत. मी त्यांना काही सांगायला जात नसे.

मारित आणि योनास एका उन्हाळ्यात आले. ती बेकरीत पाव भाजायची, तो शाळेत शिकवायचा. त्यांचा देश उत्तरेला, इतका वर की भिंतीवरच्या नकाशात दाखवायला खरबडेबाईंना टाचा उंच कराव्या लागल्या. त्यांच्या भाषेत आईला 'मोर' म्हणतात. मी पहिल्यांदा मारितला मोर म्हटलं तेव्हा बालगृहातल्या साऱ्या मुली पोट धरून हसल्या. तिला कारण कळलं तेव्हा तीही हसली, आणि दोन्ही हात मागे पसरून पिसारा केल्यासारखी अंगणभर चालली. मला ती त्या वेळी आवडली.

अमरावतीच्या कोर्टाने मला त्यांच्या ताब्यात दिलं. परदेशी आईबापांच्या बाबतीत तेव्हा रीत अशी होती की इथे पालकत्व मिळायचं आणि खरं दत्तकविधान त्यांच्या देशात जाऊन व्हायचं. फक्त तिथल्या सरकारचा होकार यायचा राहिला होता. थोड्या आठवड्यांचं काम, असं वकील म्हणाले. खालचा उकाडा मोरला सोसत नव्हता, अंगभर पुरळ उठलं होतं. म्हणून आम्ही तिघं चिखलदऱ्याला एका जुन्या बंगल्यात भाड्याने राहायला गेलो. होकाराची वाट पाहत.

आणि तिकडे निवडणूक झाली. जे निवडून आले त्यांनी लोकांना सांगितलं होतं की बाहेरून येणाऱ्यांसाठी आम्ही दारं लावून घेऊ. त्या बाहेरून येणाऱ्यांत चिखलदऱ्याच्या पायरीवर शेंगा फोडणारी एक पोरगी आहे, हे त्यांच्या गावी असायचं कारण नव्हतं.

नवरात्र झाल्यावर योनास परत गेला. त्याची शाळा होती, आणि तिथे राहून त्याला मोठ्या लोकांना भेटता येणार होतं. जाताना त्याने मला खांद्यावर घेऊन आवारात एक फेरी मारली. रेडिओ त्याने ठेवून दिला. मोर रोज सकाळी तो कानाशी धरायची, पण डोंगरात कधी लागायचा, कधी नाही.

मग आम्ही दोघीच उरलो. दोघी आणि सुंदराबाई.

त्या महिन्यांतलं खरं किती आणि माझ्या मनाने रचलेलं किती, हे आता मलाही सांगता येणार नाही. सकाळी उठल्यावर खिडकीत झाडं नसायची, नुसता पांढरा उजेड असायचा. मग हळूहळू एक फांदी यायची, तिच्यामागून खोड, मग कुंपण. जग रोज नव्याने मांडलं जायचं. दूर दरीत सांबर ओरडायचं. मोर मला पांघरुणासकट उचलून खिडकीत बसवायची आणि आम्ही आवार परत येण्याची वाट पाहायचो.

तिने सुंदराबाईकडून मराठी उचलली. म्हणजे वऱ्हाडी उचलली. "इकडं ये व, पाय पूस," असं ती म्हणायची तेव्हा शब्द सुंदराबाईचे असायचे आणि सूर भलताच, प्रत्येक शब्द पायरी चढल्यासारखा. मी तिच्याकडून तिची भाषा शिकले. बर्फ, चमचा, खिडकी, आजी, होडी. तिच्या घरात एक आजी होती. घर तळ्याच्या काठाला होतं.

ते घर आम्ही धुक्यात बांधलं. बंगल्यामागे मोकळं पठार होतं. धुकं दाट असलं की मोर माझा हात धरून तिथे न्यायची आणि थांबायची. "हे दार," ती म्हणायची. मी दार ढकलायचे. "बूट काढ." मी चपला काढायचे. ओल्या गवतात अनवाणी आम्ही पुढे जायचो. "इथं चूल. इथं आजी बसली हाय. हळू बोल, थे झोपली." मग जिना. जिना चढताना आम्ही दोघी गुडघे उंच उचलायचो. वर माझी खोली होती, खिडकीतून तळं दिसायचं. मी खिडकीशी उभी राहायचे. समोर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात मला तळं दिसायचं, तळ्यावर होडी दिसायची, होडीत योनास बसलेला दिसायचा. एकदा मी मोरला म्हटलं की आजी उठली वाटतं, मला भांड्याचा आवाज आला. मोरने मला जवळ घेतलं, आणि तिचं स्वेटर धुक्याने भिजलेलं होतं एवढं मला आठवतं.

धुकं विरलं की ते घर जायचं. तिथे एखादी गाय चरत असायची.

कधी आम्ही पंचबोलला जायचो. तिथे दरीत हाक मारली की ती पुन्हा पुन्हा परत येते. वाटेत कॉफीची झाडं, लाल फळांनी लगडलेली. मोर कड्यापासून लांब उभी राहून माझं नाव घ्यायची. दरी आधी मोठ्याने, मग हळू, मग अगदी पुटपुटत सिपना, सिपना म्हणत राहायची. मला वाटायचं, तिकडे खाली माझ्याच नावाच्या पुष्कळ मुली राहतात आणि एकेक करून ओ देतात.

संक्रांत झाल्यावर खरबडेबाई एसटीने वर आल्या. मफलर गुंडाळलेला, हातात तिळाच्या लाडवांचा डबा. मोरने चहा ठेवला. खरबडेबाई इंग्रजीत बोलू लागल्या. मोरने त्यांना थांबवलं.

"तिच्यासमोर बोला. तिले समजन असं."

खरबडेबाई माझ्याकडे बघून मग कपाकडे बघत म्हणाल्या, "तिथल्या सरकारने सगळी प्रकरणं थांबवली आहेत. तुमचं एकट्याचं नाही. बाहेरून दत्तक येणारी सगळीच मुलं. नवा कायदा करू, मग पाहू, असं म्हणतात."

"कधी?"

"योनास फोनवर म्हणाले की हे सरकार आहे तोवर आशा धरू नका. आणि इकडे तुमच्या व्हिसाचं... मी स्वतः अमरावतीला पोलीस कचेरीत जाऊन आले. शिमग्यानंतर मुदत वाढवणार नाहीत."

"त्याले उठवलं नाई का कोणी?" मी विचारलं.

"कुणाला?"

"सरकारले. थे पडलं होतं ना?"

खरबडेबाईंनी मला जवळ ओढलं. "ते पडलं ते गेलं, बाळा. आता त्या खुर्चीवर दुसरं बसलंय."

मोर उठून खिडकीशी गेली. त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, पार गाविलगडाची तटबंदी दिसत होती. तिकडे बघत ती पाठमोरीच म्हणाली, "मी गेली तर ती बालगृहात?"

"बालगृह आहेच," खरबडेबाई म्हणाल्या. "पण अकोल्याचं एक जोडपं आहे. पाटखेडे. त्याचं मोटारी न् पंखे रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. मूलबाळ नाही. दोनदा येऊन गेले माझ्याकडे. माणसं साधी आहेत."

"भांडतात?"

खरबडेबाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "भांडतात थोडे," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोरच भांडले. त्याचं पंख्यांचं दुकान आणि घरातला पंखा उन्हाळाभर बंद, यावरून."

मोर वळली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं होतं, आणि ते तिथे फार वेळ टिकलं नाही.

"कायमची नाई देणार," ती म्हणाली. "सांभाळायला देणार. तिकडचं सरकार बदललं की मी येईन. हे त्यांना सांगा. फसवून नको."

"असं कोण घेईल, मारित? लेकराला जीव लावायचा आणि रोज दाराकडे बघत बसायचं?"

"तुम्ही विचारा."

खरबडेबाईंनी विचारलं. पाटखेड्यांनी होकार दिला. का दिला, हे मी पुढे पाटखेडेबाईला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आमाले वाटलं, सरकार काय एवढ्यात पडते?"

फाल्गुनात आम्ही खाली उतरलो. घाटात बस वळणं घेत होती आणि प्रत्येक वळणावर हवा थोडी गरम होत होती. सुंदराबाईने निरोप देताना माझ्या हातावर गूळ ठेवला होता, तो वितळून बोटांना चिकटला.

मंदाकिनी पाटखेडे ठेंगणी, चपळ आणि मोठ्या आवाजाची बाई. तिने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मोरला म्हणाली, "किती वाळली व ही. या, आत या. पंखा चालू हाय." तिचा नवरा भास्कर मागे उभा होता. तो पंख्याकडे बोट दाखवून हसला.

मोर त्यांच्याकडे चार-पाच दिवस राहिली. मी खेळत असे, झोपत असे, आणि मधूनमधून स्वयंपाकघरातून त्या दोघींचे आवाज येत. एक मोठा, एक पायऱ्या चढणारा. मोर सांगत होती, "तिले अंधाराची भीती नाई. वाऱ्याची वाटते. वारा आला की गोष्ट सांगा." मंदाकिनी विचारत होती, "दूध पिते?" "पिते. साय नाई." "आजारी पडली तर काय करते?" "सांगत नाई. कपाळ पाहा." मग भांडी, पाणी, आणि पुन्हा मोर, "तिचं नाव सिपना. सपना नाई." मंदाकिनीने ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. सिपना. सिपना. दोन्ही वेळा बरोबर म्हटलं.

मोर गेली त्या सकाळी मी रडले नाही. मला वाटत होतं, हेही धुक्यातल्या घरासारखंच असेल. आत्ता दिसत नाही, मग दिसेल. ती रिक्षात बसली, रिक्षा ताजनापेठेच्या वळणावर गेली. मी वाट पाहत उभी राहिले. अकोल्यात धुकं नव्हतं. ऊन होतं, रस्ता लांबपर्यंत दिसत होता आणि त्यावर रिक्षा नव्हती.

मग वर्षं गेली. मी शाळेत जाऊ लागले. आधी काकू म्हणायचे, मग कधी आई म्हणू लागले मला आठवत नाही. बाबांच्या दुकानात तांब्याच्या तारेची गुंडाळी धरून बसायला मला आवडायचं. बाबा रोज वाचनालयात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्र बघायचे. त्यांना इंग्रजी धड येत नव्हतं. एखाद्या देशाचं नाव शोधावं तसं बोट फिरवत ते परदेशच्या बातम्यांचं पान वाचायचे आणि घरी येऊन आईला मान हलवून "काही नाई" म्हणायचे. मला वाटायचं, माझ्या बाबांना जगाची फार काळजी आहे.

मोरची भेटकार्डं यायची. त्यावर बर्फातली घरं असायची. तिची भाषा मात्र माझ्यातून हळूहळू निघून गेली. शेवटी एक-दोन शब्द राहिले आणि तेही मला वाटायचं मीच बनवलेत.

मी सातवीत असताना बातमी आली की मोर येतेय. आईने घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले, डबे घासले, मोरला आवडायचा म्हणून पातोडीच्या रश्शाचा घाट घातला. आणि मला निळा फ्रॉक घालायला काढून ठेवला, झालरीचा.

मोर आली तेव्हा तिचे केस पांढुरके झाले होते. ती दारात उभी राहून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी हसले, जसं पाहुण्यांकडे बघून हसतात. मग ती म्हणाली, "किती मोठी झाली व तू."

जेवणं झाली. आई एरवीपेक्षा जास्त बोलत होती. मोर माझ्याकडे बघत होती, आणि मधूनच तिचा हात मांडीवरच्या पिशवीकडे जायचा. तेवढ्यात दारात माझ्या मैत्रिणी आल्या. कबड्डीचा सामना होता.

"आज नाई जायचं," आई म्हणाली. "पाहुणे आले ना."

"मी सांगितलं होतं तुले. कालच सांगितलं होतं."

"सांगितलं असन. आज नाई."

"तू नेहमी असंच करतं. फ्रॉक घाल म्हणतं, घातला. बस म्हणतं, बसली. आता सामन्यालेही नाई जाऊ देत. मले बोलायचंच नाई तुह्याशी."

मी आत गेले आणि दार आदळलं. आतून मी ऐकत होते. आई म्हणाली, "पाहा कशी करते. आमच्या लाडानं बिघडली." मग मोरचा आवाज आला, अगदी हळू. "जाऊ द्या तिले. खेळू द्या."

मी फ्रॉक बदलून धावत सुटले. अंगणात मोर उभी होती. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी घाईत होते. सामना आम्ही जिंकलो, आणि परत आले तर ती गेलेली होती. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला, बाबा म्हणाले. आईही घरात नव्हती.

"आई कुठी हाय?"

"चपला घालून निघून गेली," बाबा म्हणाले. "काही सांगितलं नाई." त्यांनी दुकान उघडलं नव्हतं. ते अंगणात बाजेवर बसले होते आणि रस्त्याकडे बघत होते.

दिवेलागणीला एक रिक्षा आली. आधी आई उतरली, मग मोर. दोघींचे डोळे सुजलेले होते. मोरची बॅग आईच्या डोक्यावर होती, जशी बाजारातून आणतात तशी, आणि ती वाटेतच बाबांना ओरडून सांगत होती, "पाहता काय? पाणी ठेवा आंघोळीले. थे राहणार हाय."

हे सगळं काय होतं ते मला माझी लेक झाली तेव्हा कळलं. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. आई पायांवर बाळ घेऊन त्याला तेल लावत होती. बोलता बोलता तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

"तिकडचं सरकार बदललं होतं तवा. तुह्या बाबानं पेपरात पाहिलं आणि पेपर तसाच हातात धरून घरी आले. वाचनालयाचा पेपर."

त्या सगळ्या वर्षांत आई रोज देवापुढे दिवा लावताना त्या परक्या सरकारसाठी मागत होती. त्याला आयुष्य दे. त्याला पाडू नको. ते कसं आहे, चांगलं की वाईट, तिला ठाऊक नव्हतं. जगात इतर कुठे कुणी त्याच्यासाठी दिवा लावला असेल असं मला वाटत नाही.

"कोर्टाच्या हिशोबानं तू तिचीच होती," आई म्हणाली. "तिकडचा होकारही तिच्या पिशवीत होता. तिकीटही काढून आणलं होतं तुह्यं. तुले विचारायले आली होती थे. आन् न विचारताच गेली. मी भांडी घासत होती. मनात आलं, गेली, सुटलो. मग हातातलं ताट खाली ठेवलं आणि ठेसनावर गेली."

"काहून?"

"मलेच समजलं नाई. फलाटावर बाकावर बसली होती थे. मी विचारलं, एवढ्या दुरून आल्या, तिले विचारलं काहून नाई? तर म्हणते कशी, 'माह्याजवळ होती तवा थे कधीच रागावली नाई. एकदाही नाई. मी पाणी म्हटलं की पाणी, झोप म्हटलं की झोप. मले वाटे, किती शहाणी पोरगी. आज तिनं दार आपटलं तवा समजलं, रागवायले आपलं घर लागते.'"

आईने बाळाला पालथं केलं आणि पाठीला तेल चोळू लागली.

"मग?"

"मग काय. गाडी आली. मी तिची बॅग उचलली आणि चालू लागली. बॅग माह्याजवळ म्हटल्यावर येणंच भाग होतं तिले."

मोर त्या वेळी महिनाभर राहिली, कारण वकिलांना मला दत्तक द्यायची कोर्टाची परवानगी काढायला तेवढा वेळ लागला. ती देणारी आणि आईबाबा घेणारे. त्यानंतर ती दर दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात येत राहिली, एकदा योनासही आला. माझ्या लग्नात तिने अक्षता टाकल्या. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्या महिन्याच्या शेवटाचं.

घरातच दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा विधी, झाला. गुरुजींनी मोरला गोत्र विचारलं. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने गुरुजींकडे. गुरुजी समजूतदार होते. "गोत्र ठाऊक नसलं की कश्यप म्हणतात," ते म्हणाले आणि पुढे गेले. मोर आईच्या हिरव्या साडीत पाटावर बसली होती, साडी तिला घोट्यापर्यंतही पुरत नव्हती. समोरच्या पाटावर आई, शेजारी बाबा.

"मुलीला मांडीवर घ्या," गुरुजी म्हणाले, "आणि यांच्या ओटीत द्या."

मी बारा वर्षांची, कबड्डी खेळणारी धिप्पाड पोरगी. मोरच्या मांडीवर बसले तेव्हा माझे पाय जमिनीवर टेकले होते. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला लाज वाटत होती आणि कधी एकदा हे संपतं असं झालं होतं. धुराने डोळे चुरचुरत होते. धुरापलीकडे आई पदर पसरून बसलेली दिसत होती, कधी दिसत होती, कधी नाही.

"द्या," गुरुजी म्हणाले.

मोरचे हात माझ्या पोटाभोवती होते. ते हलले नाहीत.

"थोडं थांबा," ती म्हणाली.

गुरुजी थांबले. बायकांचं हसणं थांबलं. बाबांनी खाली मान घातली. आई पदर तसाच धरून बसून राहिली, तिने घाई केली नाही, हात पुढे केला नाही. होमातलं एक लाकूड तडतडलं. मोरने माझ्या मानेवर नाक टेकलं, एक लांब श्वास घेतला, आणि मग हात सोडले.